नोकरी जाताना पुढे आलेल्या हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ले-ऑफची मीटिंग पंधरा-वीस मिनिटांत उरकते. मॅनेजर ठरलेली चार वाक्यं बोलतो, एचआरकडून पीडीएफ येते, आणि तिच्या पहिल्याच पानावर सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देऊ करत असलेल्या रकमेचा, आकडा असतो. त्या आकड्याच्या बदल्यात कंपनीला काय हवंय ते मात्र पाच-सात पानं उलटल्यावर सापडतं: कंपनीविरुद्धचे तुमचे सगळे दावे सोडून दिल्याची कबुली. हक्कसोडपत्र म्हटलं की आपल्याला वडिलोपार्जित जमीन आणि बहिणीची सही आठवते. अमेरिकन कंपनीचा ‘रिलीज’ त्याच जातीचा कागद आहे. जमिनीऐवजी इथे दावा लावण्याचा हक्क सोडायचा असतो.

तुमचं वय चाळीस किंवा जास्त असेल, तर या कागदासाठी अमेरिकेत वेगळा कायदा आहे: १९९० चा ओल्डर वर्कर्स बेनिफिट प्रोटेक्शन ॲक्ट. सेव्हरन्स द्यायलाच हवा असं तो कुठेही म्हणत नाही. तो तुम्हाला वेळ देतो आणि माहिती देतो, आणि या दोन गोष्टी नीट वापरल्या तर पैशाची बोलणीही वेगळ्या जागेवरून सुरू होतात. बरेच जण मात्र आकडा बघतात, सही करून मोकळे होतात, आणि कागदाला जोडलेली यादी उघडतसुद्धा नाहीत.

हा कायदा तुम्हाला लागू आहे का

मूळ कायदा १९६७ चा, वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा. त्याला एडीईए म्हणतात. १९९० चा कायदा म्हणजे त्यातलीच दुरुस्ती. त्यामुळे अटी त्याच: वय ४० किंवा जास्त, आणि खासगी मालकाकडे किमान २० कर्मचारी. राज्य आणि स्थानिक सरकारांना ही विसाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये माउंट लेमन अग्निशमन जिल्ह्याच्या खटल्यात ते स्पष्ट केलं.

नागरिकत्वाची अट अमेरिकेत काम करणाऱ्याला नाही. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तरी हा कायदा तुमचा आहे. उलट, अमेरिकन कंपनीच्या भारतातल्या शाखेत काम करणाऱ्या भारतीय नागरिकाला तो लागू होत नाही. कधी कधी तिथल्या कर्मचाऱ्यालाही मुख्यालयाचा तोच मसुदा जसाच्या तसा पाठवला जातो, त्यात ‘२१ दिवस’, ‘७ दिवस’ असं सगळं लिहिलेलं असतं. तो फक्त कराराचा शब्द झाला, मागे हा कायदा उभा नसतो.

स्वतंत्र कंत्राटदारही यात बसत नाही. पण कंपनीने कागदोपत्री कंत्राटदार म्हटलं म्हणून तुम्ही तसे ठरत नाही, काम कसं चालायचं ते बघितलं जातं. शंका असेल तर तो वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

हा कायदा आला कुठून

इतिहास वगळला तरी सही करता येते. पण कायद्याचे दोन भाग एकमेकांना का चिकटले आहेत ते कळलं की कागद वाचणं सोपं जातं.

जून बेट्स या ओहायोतल्या हॅमिल्टन काउंटीच्या सेवेत वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या. तब्येत ढासळल्यामुळे १९८५ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांना काम सोडावं लागलं. राज्याच्या निवृत्ती योजनेत अपंगत्वाचं निवृत्तिवेतन फक्त साठीच्या आतल्यांना होतं. ते मिळालं असतं तर महिना सुमारे ३५५ डॉलर हाती आले असते. वयामुळे त्यांना साधं निवृत्तिवेतन घ्यावं लागलं, १५८.५० डॉलर. जून १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की एडीईए बहुतेक लाभ-योजनांना हात लावत नाही. पगारात वयावरून भेद करायला बंदी, पण विमा, अपंगत्व आणि निवृत्तीच्या लाभांत जवळपास मोकळीक, असा त्याचा अर्थ झाला.

दुसरा धागा हक्कसोडीचा. समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीने, १९८७ मध्ये असा नियम केला की वयभेदाचा दावा सोडून देण्यासाठी सरकारी देखरेखीची गरज नाही. संसदेला तो पटला नाही आणि खर्चाच्या विधेयकांत कलम घालून तिने तो रोखून धरला. आर्कान्सॉचे सिनेटर डेव्हिड प्रायर यांनी मांडलेल्या विधेयकात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. १६ ऑक्टोबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांची सही होऊन तो सार्वजनिक कायदा १०१-४३३ झाला. पहिल्या भागाने बेट्स निकाल पुसला आणि लाभ एडीईएच्या कक्षेत आणले. दुसऱ्या भागाने हक्कसोडपत्राच्या अटी घातल्या. नावात फक्त ‘बेनिफिट’ असलं तरी ले-ऑफ झालेल्याच्या रोजच्या उपयोगाचा आहे तो दुसरा भाग.

आधी तारीख लिहा

कागद हातात आला किंवा मेल आली, त्या दिवसाची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मेल आणि सगळ्या जोडण्या कंपनीचं खातं बंद होण्याआधी आपल्या हाताशी हव्यात. लॅपटॉप संध्याकाळपर्यंत लॉक होतो आणि करारही त्याच्यासोबत जातो, असं सर्रास घडतं. स्वतःचा करार, पगाराच्या पावत्या आणि लाभांची माहितीपत्रकं एचआरकडून वैयक्तिक मेलवर मागवा. कंपनीच्या इतर फायली स्वतःला पाठवू नका. पुढे तेच तुमच्यावर उलटतं.

मग दिवस मोजा. एकट्याला काढलं असेल तर विचार करायला किमान २१ दिवस. दोन किंवा जास्त जणांना एकाच कार्यक्रमात काढलं असेल, किंवा स्वेच्छानिवृत्तीची योजना गटाला देऊ केली असेल, तर ४५ दिवस. सही केल्यावर माघार घ्यायला आणखी ७ दिवस, दोन्ही प्रकारांत.

समजा अंतिम प्रस्ताव ३ मार्चला मिळाला. २१ दिवसांची मुदत २४ मार्चला संपते, ४५ दिवसांची १७ एप्रिलला. तुम्ही १५ एप्रिलला सही केलीत, तर २२ एप्रिलपर्यंत माघार घेता येते आणि करार २३ एप्रिलला अमलात येतो. सेव्हरन्स त्यानंतरच निघतो, म्हणून घरखर्चाचं गणित सहीच्या तारखेवर बसवू नका.

यात तीन बारकावे आहेत. घड्याळ कंपनीच्या अंतिम प्रस्तावापासून चालू होतं. प्रस्तावात महत्त्वाचा बदल झाला तर ते पुन्हा शून्यावर येतं, पण बदल झाला तरी मुदत नव्याने सुरू होणार नाही असं दोन्ही बाजूंना ठरवता येतं आणि बहुतेक मसुद्यांत ते वाक्य आधीच घातलेलं असतं. दुसरं, २१ किंवा ४५ दिवस संपायच्या आत तुम्ही आपखुशीने सही करू शकता. मात्र ‘शुक्रवारपर्यंत सही केलीत तर दोन आठवड्यांचा पगार जास्त’ किंवा ‘सोमवारी ही ऑफर राहणार नाही’ असं म्हणून घाई करवली, तर ती लवकर झालेली सही कायद्याला चालत नाही. तिसरं, ७ दिवस कोणालाच कमी करता येत नाहीत, तुमची संमती असली तरी.

एच-१बी वाल्यांसाठी वेगळी सूचना. नोकरी संपल्यावर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि सेव्हरन्सच्या विचारासाठी मिळालेल्या ४५ दिवसांशी तिचा काही संबंध नाही. दोन्ही घड्याळं वेगळी चालतात. दुसरी नोकरी किंवा व्हिसा स्टेटस बदलाचं काम पहिल्या दिवसापासून सुरू करा, करार बाजूला वाचत राहा.

करार वाचताना कुठे थांबायचं

पहिल्या वाचनात पैशाचं पान सोडून द्या आणि रिलीजच्या परिच्छेदावर जा. वयभेदाचा दावा खरोखर सुटायचा असेल तर कागदात काही गोष्टी असाव्याच लागतात, आणि त्या आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते.

एडीईएचं नाव घेऊन उल्लेख हवा. ‘सर्व प्रकारचे संघीय व राज्य दावे’ एवढं पुरत नाही. सहीनंतर उद्भवणारे दावे सोडवून घेता येत नाहीत. उदाहरणार्थ, सहा महिन्यांनी त्याच कंपनीत अर्ज केलात आणि वयामुळे नाकारलं, तर तो दावा शाबूत राहतो.

भाषा समजेल अशी हवी. हे वाटतं तेवढं पोकळ कलम नाही. आयबीएमच्या करारात एकीकडे दावे सोडल्याचं लिहिलं होतं, आणि दुसरीकडे दावा न लावण्याच्या वचनातून एडीईएला वगळलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं की वयाचा दावा लावता येतो. २००५ मध्ये एट्थ सर्किट या संघीय अपील न्यायालयाने आणि नंतर नाइन्थ सर्किटनेही तो रिलीज एडीईएपुरता अवैध ठरवला. एक परिच्छेद दोनदा वाचूनही त्याचा अर्थ लागत नसेल, तर समासात प्रश्नचिन्ह टाका आणि तारीख लिहा.

वकिलाचा सल्ला घ्या, असं लेखी सांगितलेलं हवं. इथे शब्द बघा. ‘मला वकिलाशी बोलायची पुरेशी संधी मिळाली’ हे वाक्य कंपनी तुमच्या तोंडी घालते, तो सल्ला नव्हे. फर्स्ट सर्किटने १९९८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रकरणात हाच फरक केला.

आणि आता मोबदला, खरी मेख इथे आहे. हक्क सोडण्याच्या बदल्यात जे मिळतं ते तुम्हाला तसंही मिळणार होतं त्याहून जास्त असायला हवं. म्हणून एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे सही न करताही जे तुमचंच आहे ते: शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, मिळवून झालेलं कमिशन, ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यातला पक्का झालेला हिस्सा, राज्याच्या कायद्याने किंवा कंपनीच्या धोरणाने द्यायचाच असलेला साठलेल्या सुट्टीचा पैसा. शंभर किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीने मोठ्या कपातीत वॉर्न कायद्याखालची ६० दिवसांची पूर्वसूचना दिली नसेल आणि तिच्याबदली पगार देत असेल, तर तोही डावीकडेच. कंपनीच्या लेखी सेव्हरन्स योजनेत ‘दर वर्षाच्या सेवेमागे एक आठवडा’ असं बिनशर्त लिहिलेलं असेल तर तेही. उरलं ते उजवीकडे. डावीकडचे आकडे एकत्र करून ‘एकूण पॅकेज’ म्हणून छापलं की रक्कम भरघोस दिसते. उजवा रकाना रिकामा निघाला तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे, आणि असा रिलीज एडीईएपुरता टिकत नाही.

मोबदला चाळिशीच्या आतल्यांपेक्षा जास्तच हवा असा मात्र नियम नाही. तरुण सहकाऱ्याला आणि तुम्हाला सारखाच सेव्हरन्स मिळाला म्हणून रिलीज मोडत नाही.

जोडलेली यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

गटाने काढलेलं असेल तर कराराला एक पुरवणी जोडलेली असते, बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. कोणत्या विभागातून माणसं निवडली, पात्रतेचे निकष काय, मुदती काय, निवडलेल्या प्रत्येकाचं पद आणि वय, आणि त्याच पदांवरच्या किंवा विभागातल्या न निवडलेल्यांची वयं, हे त्यात द्यावंच लागतं. नावं नसतात. खटला न लावता कंपनीच्या आतला हा आकडा पाहायला मिळण्याची ही एकच वेळ.

एक काल्पनिक यादी घेऊ. विभाग: बिलिंग सॉफ्टवेअर, १४ माणसं.

निवडलेले: ५८, ५६, ५३, ४९, ३३.
न निवडलेले: ५५, ४४, ४१, ३८, ३६, ३४, ३१, २९, २७.

सरासरी काढा: काढलेल्यांची ४९.८, राहिलेल्यांची ३७.२. मग चाळीसची रेघ मारा. चाळीस आणि वरचे ७, त्यांतले ४ गेले. चाळीसच्या आतले ७, त्यांतला १ गेला. पन्नाशीच्या वर ४ होते, ३ गेले. यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. चौदा माणसांत एक-दोन नावं इकडची तिकडे झाली की चित्र बदलतं, शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या ग्रॉस निकालानंतर वय हेच निर्णायक कारण होतं असं दाखवावं लागतं. पण वकिलासमोर ठेवायला एवढा कागद पुरतो, आणि बोलणी करताना कंपनीच्या वकिलालाही तो दिसतो.

आता यादीतल्या चुका शोधा. ‘५०–५९: ३ जण’ असे वयोगट दिले असतील तर ते नियमात बसत नाही, प्रत्येक वय सुटं हवं. ‘इंजिनिअर’ अशा एका नावाखाली वेगवेगळ्या श्रेणी कोंबल्या असतील तर तेही नाही. स्वतःचं पद आणि वय शोधा. ते चुकलं असेल तर बाकीच्या यादीवरही विश्वास कमी करा. कपात टप्प्याटप्प्याने होत असेल, तर नंतरच्या टप्प्यातल्या माणसाला आधीच्या टप्प्यांची माहितीही एकत्र मिळायला हवी. जानेवारीत सहा, मार्चमध्ये पाच, आणि मार्चच्या यादीत फक्त पाच, असं असेल तर प्रश्न विचारण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त गफलत विभागाच्या वर्णनात होते. ज्या तुकडीतून कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही हे ठरवलं गेलं, ती तुकडी नेमकी सांगावी लागते. वेयरहाउझर कंपनीने ओक्लाहोमातल्या एका गिरणीतल्या कपातीत ‘गिरणीतले सगळे पगारी कर्मचारी’ असं लिहिलं होतं. खटल्यात उघड झालं की प्रत्यक्षात गिरणी व्यवस्थापकाच्या हाताखालचीच माणसं विचारात घेतली होती. २००६ मध्ये टेन्थ सर्किटने एवढ्या एका कारणावरून रिलीज एडीईएपुरता रद्द ठरवला. तुमच्या यादीत विभागाचं जे नाव आहे, त्यात तुमच्या माहितीची किती माणसं होती ते आठवून मोजा. यादीत १४ आणि तुमच्या मोजणीत २२, तर उरलेले आठ कुठे गेले?

चूक सापडली की एचआरला लगेच मेल टाकायचा मोह होतो. थांबा. चुकीची यादी म्हणजे वयाच्या दाव्यापुरता कच्चा रिलीज. तुम्ही दाखवलीत की कंपनी ती दुरुस्त करून नवा कागद पाठवेल. दाखवायची की नाही, आणि कधी, हे तुमच्या वकिलाने ठरवावं. नोकरीविषयक कायद्याचा, कर्मचाऱ्यांच्या बाजूने काम करणारा वकील शोधा. करार वाचून देण्यापुरती ठरावीक फी घेणारे बरेच असतात. भेटीला जाताना करार, यादी, दोन रकान्यांचा कागद, शेवटची दोन-तीन वर्षांची मूल्यमापनं आणि घटनांची तारीखवार टिपणं एवढंच न्या. गोष्ट सांगण्यात अर्धा तास गेला तर तो तुमच्याच पैशाचा.

लाभांवर कात्री चालवली असेल तर

कायद्याचा पहिला भाग इथे लागतो. तत्त्व सोपं आहे: वय वाढलेल्या कर्मचाऱ्याला एकतर तोच लाभ द्या, किंवा त्याच्या लाभावर तेवढाच खर्च करा. आयुर्विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो, म्हणून तेवढाच खर्च ठेवून विम्याची रक्कम कमी करता येते. मात्र त्याला खर्चाच्या आकड्यांचा आधार लागतो, आणि तुलना जास्तीत जास्त पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत करावी लागते. पगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा यांचा खर्च वयाने वाढत नाही, म्हणून ‘साठीनंतर रजा कमी’ चालत नाही.

दीर्घकालीन अपंगत्व विम्यात नियमावलीने एक ठरीव चौकट मान्य केली आहे: ६० किंवा त्याआधी अपंगत्व आलं तर लाभ ६५ पर्यंत, साठीनंतर आलं तर पाच वर्षं. तुमच्या योजनेत यापेक्षा कमी असेल तर खर्चाचा हिशेब मागायला जागा आहे.

‘तुम्ही निवृत्तिवेतनाला पात्र आहात, म्हणून सेव्हरन्स नाही’ हे वाक्य ऐकलंत तर कान टवकारा. निवृत्तिवेतनाचा हक्क आहे एवढ्यावरून सेव्हरन्स नाकारता येत नाही. कायद्याने दोन वजावटींना वाव दिला आहे, तोही कारखाना बंद होणं किंवा ले-ऑफ अशा वयाशी संबंध नसलेल्या घटनेमुळे सेव्हरन्स दिला जात असताना. एक, केवळ त्या घटनेमुळे मिळालेलं जादा निवृत्तिवेतन, तेही लगेच आणि पूर्ण घेता येण्याजोगं असेल तर. दुसरी, कंपनीकडून निवृत्तांना मिळणारा आरोग्य विमा. या विम्याची किंमत कशी धरायची ते कायद्यातच आहे: ६५ च्या आत वर्षाला ३,००० डॉलर, ६५ नंतर ७५० डॉलर. तहहयात विमा असेल तर ६५ च्या आतल्यासाठी एकूण ४८,०००, वरच्यासाठी २४,०००. हे १९९० चे पायाभूत आकडे, वैद्यकीय महागाईनुसार ते वाढवले जातात, आणि हप्त्यातला तुमचा वाटा जितके टक्के तितकी किंमत घटते. कंपनीने वजावट केली असेल तर आकडा कसा आला ते लेखी मागा.

निवृत्तीनंतर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झाला की कंपनीचा विमा कमी होतो, ही तक्रार पुष्कळांची असते. पेनसिल्व्हेनियातल्या एरी काउंटीच्या प्रकरणात थर्ड सर्किटने २००० मध्ये त्याला आक्षेप घेतला होता, पण ईईओसीने २००७ च्या अखेरीस नियम करून ही पद्धत एडीईएतून वगळली. तिथे वेळ घालवू नका.

रिलीज कच्चा निघाला तर पैसे परत द्यावे लागतात का

नाही, आणि हे ठरलं डोलोरेस उब्रे यांच्या खटल्यात. लुईझियानात एन्टर्जीच्या वीज प्रकल्पात त्या शेड्यूलर होत्या. विचाराला १४ दिवस मिळाले, माघारीचे ७ दिवस नव्हते, एडीईएचा उल्लेखही नव्हता. चार महिन्यांत सहा हप्त्यांनी ६,२५८ डॉलर घेतल्यावर त्यांनी दावा लावला. पैसे ठेवून घेतलेत म्हणजे करार मान्य केलात, असं कंपनीचं म्हणणं. जानेवारी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायद्याच्या अटी न पाळणारा रिलीज एडीईएचा दावा अडवू शकत नाही, आणि दावा लावण्याआधी पैसे परत करायची गरज नाही.

पुढे ईईओसीच्या नियमांत आणखी स्पष्ट झालं: रिलीजला आव्हान दिल्यास दंड किंवा कंपनीच्या वकिलाचा खर्च भरावा लागेल, अशी कलमं एडीईएपुरती चालत नाहीत, आणि एखाद्याने आव्हान दिलं म्हणून कंपनी कराराखालचे हप्ते थांबवू शकत नाही. मात्र तुम्ही जिंकलात तर न्यायालय मिळालेला सेव्हरन्स भरपाईतून वळता करू शकतं.

दुसरी बाजूही लक्षात असू द्या. रिलीज पडतो तो फक्त एडीईएच्या दाव्यापुरता. वंश, लिंग, अपंगत्व यांचे दावे त्याच कागदाने सोडलेले असतील तर ते वेगळ्या निकषांवर तपासले जातात आणि बहुधा सुटलेलेच राहतात. तुमची खरी तक्रार त्यांपैकी एखादी असेल तर यादीतली चूक कामाला येणार नाही.

सही करायची ठरली तर

रकमेशिवायच्या गोष्टी मागून बघा, त्या तुलनेने सहज मिळतात: काही महिन्यांचा कोब्राचा, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचाच आरोग्य विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याच्या सोयीचा, हप्ता, नव्या नोकरीवरची बंधनं ढिली करणं, बेरोजगार भत्त्याला विरोध न करण्याची हमी, शिफारसपत्राचा ठरलेला मजकूर. कोब्रा १८ महिन्यांपर्यंत असतो, हप्ता पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत, आणि निवड करायला ६० दिवस मिळतात. निवड मागील तारखेपासून लागू होते, म्हणून लगेच पैसे भरायची घाई नको. सेव्हरन्सवर सहसा २२ टक्के संघीय कर कापला जातो, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. हातात किती येईल ते त्यावरून काढा.

सही केल्यावर पूर्ण प्रत ठेवा, पुरवणीसकट. माघार घ्यायची झाली तर करारात सांगितलेल्या पत्त्यावर आणि पद्धतीनेच कळवा. कागदी पत्र मागितलं असेल तर नुसती मेल पुरेशी धरू नका, पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा आणि वर मेलही टाका. मिनेसोटासारख्या राज्यात राज्याच्या मानवी हक्क कायद्याखाली माघारीला १५ दिवस मिळतात, तेव्हा आपल्या राज्याचा नियमही विचारून घ्या.

ईईओसीकडे तक्रार करायची मुदत या सगळ्यापासून वेगळी चालते: १८० दिवस, आणि वयभेदाविरुद्ध राज्याचा कायदा व यंत्रणा असेल तिथे ३०० दिवस. ती शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजत नाहीत, काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच हे ठरवलं आहे, तरी चूक नेमकी इथेच होते. ३ मार्चला कळवलं असेल तर १८० दिवस ३० ऑगस्टला भरतात, ३०० दिवस २८ डिसेंबरला. कंपनीच्या अंतर्गत तक्रारीमुळे किंवा सेव्हरन्सच्या वाटाघाटींमुळे ही मुदत थांबत नाही. तक्रार दाखल झाल्यावर ६० दिवसांनी तुम्ही थेट न्यायालयात जाऊ शकता, वयाच्या दाव्यासाठी आयोगाच्या परवानगीपत्राची वाट बघावी लागत नाही. आयोगाने प्रकरण बंद केल्याचं कळवलं तर मात्र तिथून ९० दिवस.

रिलीजवर सही झाली असली तरी ईईओसीकडे तक्रार करण्याचा आणि चौकशीत साक्ष देण्याचा हक्क कोणताही करार काढून घेऊ शकत नाही. ‘आयोगाकडे जाणार नाही’ असं वाक्य मसुद्यात सापडलं तर ते खोडायला सांगा. त्या तक्रारीतून स्वतःला मिळणारी भरपाई मात्र करारात सोडून देता येते, आणि बहुतेक मसुद्यांत ती पुढच्याच वाक्यात सोडलेली असते.